साठ मिनिटं कुठून मोजायची? रात्रीच्या एका एअरपोर्ट गाडीचं प्रकरण

तक्रार दोन ओळींची होती. पूर्ण पैसे आगाऊ भरले होते, तरी आईवडिलांना आणायला ठरवलेली गाडी मिळाली नाही, पैसे परत करा. कंपनीचं उत्तर त्याहून आखूड होतं: गाडी वेळेवर आली होती, प्रवासीच आले नाहीत. पुरावे दोघांकडेही होते आणि दोघांचेही खरे होते.

विमानतळावरून जवळच्या शहरात जायला चालकासह खासगी गाडी आधीच ठरवून ठेवायची, या व्यवहारात बिनसतं ते बहुतेक वेळा तारखेमुळे. विमान रात्री साडेबाराला उतरणार असतं, म्हणजे तारीख बदललेली असते. माणूस मात्र तिकिटावरची निघण्याची तारीख टाकतो आणि गाडी चोवीस तास आधी येऊन रिकामी परत जाते. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे विमानतळच चुकणं. फ्रँकफर्टचं नाव लावणारा हान विमानतळ फ्रँकफर्टपासून साधारण १२० किलोमीटरवर आहे, पॅरिसच्या नावाने तिकिटं विकली जातात तो बोव्हे साधारण ८५ किलोमीटरवर. इस्तंबूलची प्रवासी वाहतूक एप्रिल २०१९ मध्ये अतातुर्क विमानतळावरून नव्या विमानतळावर गेली, आणि शहराच्या आशियाई बाजूला साबिहा ग्योकचेन वेगळाच. शहराचं नाव टाकून मोकळं होणाऱ्याला हे सगळे सापळे आहेत.

इथे यातलं काहीच झालं नव्हतं. तारीख, विमानतळ, टर्मिनल, फ्लाइट नंबर, सगळं अचूक भरलेलं. चालकही कामचुकार नव्हता. तरी सत्तरीच्या आसपासची दोन माणसं रात्री पावणेदोनच्या सुमाराला बाहेरच्या दारापाशी ट्रॉली धरून उभी राहिली. त्यांच्या मुलीने सगळे कागद माझ्याकडे वाचायला दिले: बुकिंगचं कन्फर्मेशन, अटी, त्या रात्रीचे मेसेज, कॉलची यादी आणि नंतरचा पत्रव्यवहार. नावं आणि ठिकाणं गाळून प्रकरण मांडतो आहे.

बुकिंग

मुलगी विमानतळापासून दीडशे किलोमीटरवरच्या शहरात राहते. बाळंत होऊन तिला तीन आठवडे झाले होते, नवरा कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे स्वतः आणायला जाणं शक्य नव्हतं. रेल्वेची सोय होती, पण शेवटची गाडी गाठायची तर विमान वेळेवर यायला हवं, आणि बाबांचा गुडघा जिने चढू देत नव्हता. तिने खासगी गाडी ठरवली आणि फोनवर सांगून टाकलं, "बाबा, तुम्ही काहीच करायचं नाही. बाहेर आलात की तुमच्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा असेल. आई, तू फक्त औषधांची पिशवी हातात ठेव." खासगी गाडीला जास्त पैसे मोजणाऱ्याला हवं असतं ते हेच. गाडीचं कातडी आसन आणि पाण्याची बाटली ही पुढची गोष्ट.

वेबसाइटवर गाडी ठरवताना आपला व्यवहार एकाशी होतो असं वाटतं, पण साखळीत सहसा तीन जण असतात. पैसे घेते ती विक्री करणारी साइट. ती काम स्थानिक गाडीमालकाकडे किंवा एखाद्या लहान कंपनीकडे सोपवते. तिथल्या कंट्रोल रूममधून ते चालकाकडे जातं. प्रत्येक टप्प्यावर मजकूर थोडा थोडा गळत जातो. आपण फॉर्मवर वीस रकाने भरतो, आणि चालकाच्या मोबाइलवर पोचतं ते एवढंच: नाव, फ्लाइट नंबर, वेळ, कुठे सोडायचं तो पत्ता, किती माणसं, किती बॅगा, एक फोन नंबर.

फॉर्मवर नंबर दोन होते. बुकिंग करणाऱ्या व्यक्तीचा आणि प्रमुख प्रवाशाचा. मुलीने पहिल्यात स्वतःचा आणि दुसऱ्यात बाबांचा घातला. कोणीही हेच केलं असतं. चालकाकडे गेला तो दुसरा.

आणखी एक गोष्ट कन्फर्मेशनमध्ये दिसते. विमान रात्री १०.५० ला उतरणार होतं. म्हाताऱ्या माणसांना बाहेर यायला वेळ लागणार म्हणून तिने 'गाडी किती वाजता हवी' या रकान्यात ११.५० टाकले होते. पण फ्लाइट नंबर दिला की ही यंत्रणा प्रवाशाने टाकलेली वेळ बाजूला ठेवते आणि विमान उतरण्याची वेळच धरते. कन्फर्मेशनवर १०.५० छापून आलं. तिने ते वाचलं होतं. तिला वाटलं, ही विमानाची वेळ लिहिली आहे. ती गाडीची वेळ होती. विचार करून दिलेला एक तास कोणाच्या लक्षातही न येता पुसला गेला.

गाडीचा प्रकार सेदान, क्षमता तीन प्रवासी, तीन बॅगा. यावर पुढे येतो.

त्या रात्री

चालक हॉलमध्ये आला ११.४० ला. विमान उशिरा उतरलं होतं, चाकं टेकली ११.३४ ला. म्हणजे त्याने फ्लाइटवर नीट लक्ष ठेवलं होतं आणि वेळ साधली होती. टॅबलेटवर मोठ्या अक्षरात नाव लावून तो कठड्यापाशी उभा राहिला.

आत मात्र वेळ वेगळ्याच हिशोबाने जात होता. उभं राहायची जागा रिकामी नव्हती म्हणून विमान टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीवरून गेटकडे जाणाऱ्या वाटेवर, थांबलं आणि गेटला लागायला ११.५१ झाले. बाबांच्या तिकिटावर व्हीलचेअरची नोंद होती. डब्ल्यूसीएचआर या कोडची, म्हणजे पायऱ्या चढता-उतरता येतात पण लांबचं अंतर चालवत नाही. व्हीलचेअरच्या प्रवाशांना सगळे उतरल्यावर नेतात. खुर्ची यायला, ती घेऊन येणारा मदतनीस यायला वेळ गेला आणि दोघं विमानाबाहेर पडली तेव्हा १२.१० झाले होते. इमिग्रेशन उरकून बेल्टपाशी पोचली पाऊण वाजता. चारपैकी तीन बॅगा आल्या. चौथीची वाट बघत बेल्ट थांबेपर्यंत उभी राहिली, मग मदतनिसाने त्यांना हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर नेलं. तिथे पुढे चार जण होते. बॅगेचा रंग, आकार, आत काय आहे, टॅगचा नंबर, मुलीचा पत्ता हे सगळं भरून पावती हातात पडली तेव्हा दीड वाजला होता. कस्टममधून बाहेर आले १.३७ ला. चाकं टेकल्यापासून दोन तास तीन मिनिटं.

या दोन तासांत चालकाने बाबांना तीन फोन केले: १२.२०, १२.४१ आणि १.०२. एकही लागला नाही. बाबांच्या सिमवर रोमिंग घेतलेलं नव्हतं. विमानतळावर वायफाय फुकट आहे, त्यावरून मेसेज करू, असं घरी ठरलं होतं. वायफायला जोडायला गेल्यावर मोबाइल नंबर मागितला, त्यावर ओटीपी येणार होता, आणि ज्या सिमवर तो यायचा ते सिम तर बंदच. बाबांनी दोनदा खटपट केली आणि फोन खिशात ठेवला. हे कोडं जगातल्या अनेक विमानतळांवर आहे. घरी बसून आखणी करणाऱ्याला ते दिसत नाही, कारण त्याचा ओटीपी दोन सेकंदांत येतो.

मुलगी घरी जागी होती. ट्रॅकिंगच्या अॅपवर विमान उतरलेलं तिने पाहिलं. मेसेज येईना म्हणून १२.५० ला तिने साइटच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या बाईंनी तपासून सांगितलं, चालक हॉलमध्ये उभा आहे, काळजी करू नका. ही माहिती त्या क्षणी शंभर टक्के खरी होती. मोफत थांबण्याचा वेळ १२.३४ लाच संपला, हे त्यांनी सांगितलं नाही. मुलीनेही ते विचारलं नाही, कारण असं काही विचारायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

१.०८ ला चालकाने एक फोटो काढला. हातातली नावाची पाटी, मागे हॉलमधलं घड्याळ आणि जवळजवळ रिकामा कठडा. तो कंट्रोल रूमला पाठवला. १.१० ला परवानगी मिळाली: प्रवासी हजर नाही, निघा. मुलीच्या मेलवर 'बुकिंग बंद करण्यात आलं आहे' असा निरोप १.१५ ला पडला, तिने तो १.२२ ला वाचला. आईबाबा बाहेर आले तेव्हा चालकाला जाऊन सत्तावीस मिनिटं झाली होती.

पुढचं थोडक्यात. व्हीलचेअरच्या मदतनिसाने स्वतःचा फोन काढून दिला आणि त्यावरून मुलीशी बोलणं झालं. पहिल्या चालकाला परत पाठवायला कंट्रोल रूमने नकार दिला. नवीन बुकिंग, नवीन भाडं, वर रात्रीचा अधिभार, असं करून दुसरी गाडी २.२५ ला आली आणि घर गाठायला चार वाजून गेले. तो मदतनीस गाडी येईपर्यंत त्यांच्यापाशी थांबला. त्याची ड्यूटी दोनलाच संपत होती.

चार घड्याळं

कंपनीच्या अटींमध्ये लिहिलं होतं: विमान प्रत्यक्ष उतरल्यापासून साठ मिनिटं मोफत प्रतीक्षा. या व्यवसायात विमानतळासाठी पंचेचाळीस ते साठ मिनिटं आणि घर किंवा हॉटेलसाठी पंधरा मिनिटं हा सर्वसाधारण रिवाज आहे. आकडा सगळे वाचतात. तो कुठून मोजायचा ते फार थोडे वाचतात.

विमान कंपन्या प्रत्येक उड्डाणाच्या चार वेळा नोंदवतात: गेटवरून हललं, चाकं जमिनीवरून सुटली, चाकं पुन्हा टेकली, गेटला येऊन थांबलं. यातली तिसरी बाहेरच्या माणसाला सहज मिळते. विमान आपली जागा आणि उंची १०९० मेगाहर्ट्झवर सतत प्रसारित करत असतं, जमिनीवरचे साधे रिसीव्हर ती माहिती पकडतात, आणि ट्रॅकिंग अॅप त्यावर चालतात. म्हणून गाडीवाल्यांच्या यंत्रणा चाकं टेकण्याची वेळ धरतात. ती स्वस्त आहे, विमान कंपनीवर अवलंबून नाही आणि तिच्यावर वाद घालता येत नाही.

पण प्रवाशाच्या दृष्टीने विचार केला तर त्या वेळेला काहीच घडलेलं नसतं. तो पट्टा बांधून बसलेला असतो. या प्रकरणात मोफत साठ मिनिटांपैकी सतरा विमान गेटला लागण्यात गेली आणि पुढची एकोणीस खुर्चीची वाट बघण्यात. माणूस विमानातून बाहेर पडायच्या आत छत्तीस मिनिटं संपलेली. उरलेल्या चोवीस मिनिटांत इमिग्रेशन, बेल्ट आणि कस्टम व्हायला हवं होतं. हातातल्या एकाच पिशवीवर प्रवास करणाऱ्या धडधाकट माणसाला हे एखाद्या वेळी जमेल. व्हीलचेअर आणि चार बॅगा असलेल्या दोघांना, सगळी सामानं आली असती तरी जमलं नसतं. म्हणजे गाडी ठरवली त्या दिवशीच गणित तुटीचं होतं. न आलेल्या बॅगेने फक्त तूट वाढवली.

माझं मत असं की विमानतळावरच्या गाडीच्या भाड्यात खरी किंमत असते ती थांबण्याची. दीडशे किलोमीटर कोणीही नेऊन सोडेल, रांगेतली टॅक्सीसुद्धा. आधी ठरवलेल्या गाडीत आपण एका माणसाचा अनिश्चित वेळ विकत घेत असतो, आणि त्या अनिश्चिततेला कुठेतरी कुंपण असणारच. ते कुंपण कुठे आहे आणि ते ओलांडल्यावर काय होतं, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे. काही कंपन्या प्रवाशाने सांगितलेल्या वेळेपासून मोजतात, म्हणजे "उतरल्यावर नव्वद मिनिटांनी भेटा" असं ठरवता येतं. काही ठिकाणी साठ मिनिटं संपल्यावर मिनिटामिनिटाचा आकार लागतो पण गाडी हलत नाही. इथे अट तशी नव्हती. जादा वेळ थांबणं 'चालकाच्या पुढच्या कामानुसार' होतं, आणि ते आधी मागावं लागत होतं.

चालकाची बाजू

पहिल्या वाचनात मुलीचा सगळा राग चालकावर होता. अर्धा तास अजून थांबला असता तर काय बिघडलं असतं?

तो मोफत वेळेनंतर छत्तीस मिनिटं थांबला होता. त्याने तीन फोन केले. आणि तक्रारीला उत्तर देताना कंपनीने आपल्या बचावात एक वाक्य लिहिलं ज्याने तिचीच अडचण झाली: "सदर चालकाची ड्यूटी सकाळी आठ वाजता सुरू झाली असल्यामुळे त्यास अधिक काळ थांबवणे शक्य नव्हते."

सकाळी आठ ते रात्री एक, म्हणजे सतरा तास. त्याआधी तो उठून आवरून कामावर आला असणार. त्यापुढे दीडशे किलोमीटर नेऊन सोडायचं आणि तेवढंच परत यायचं. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी नेचर या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका ढासळतो, असं त्यात आढळलं. अनेक देशांत गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादाच ०.०५ आहे. कंट्रोल रूमने त्याला परत पाठवलं नाही हे बरंच झालं. आईबाबांना ही गाडी सापडली असती तर ते त्याच चालकाबरोबर रात्री दोन वाजता महामार्गावर असते.

मला इथे कंपनी दोषी वाटते, पण वेगळ्या कारणासाठी. रात्री अकराच्या विमानाला आणि पुढच्या लांबच्या पल्ल्याला सकाळी आठपासून गाडीवर असलेला माणूस द्यायचाच नसतो. विमान उशिरा येणं ही काही अघटित घटना नव्हे. ज्या चालकाला थांबवता येत नाही तो रात्रीच्या विमानाला देणं म्हणजे थांबण्याची सोय विकून ती आधीच काढून घेणं झालं. बुकिंग करताना 'चालक त्या दिवशी किती वाजल्यापासून कामावर असेल' असं कोणी विचारत नाही. रात्रीच्या लांबच्या प्रवासाला विचारायला हरकत नाही. नीट चालवणारी कंपनी त्याचा राग मानत नाही.

पैशाचा निकाल

मुलीने पहिली तक्रार लिहिली होती ती 'गाडी आली नाही' अशी. तो मुद्दा टिकणार नव्हता. फोटो होता, गाडीच्या जीपीएसची नोंद होती, पार्किंगची पावती होती. म्हणून तक्रार नव्याने लिहिली आणि तीत 'आली नाही' हे शब्दच काढून टाकले.

अटींच्या शेवटच्या पानावर एक कलम होतं: प्रवासी आला नाही असं ठरवण्यापूर्वी बुकिंगवर दिलेल्या सर्व संपर्कांवर प्रयत्न केला जाईल. बुकिंगवर दोन नंबर होते. चालकाने एकावर फोन केला, कारण त्याच्याकडे एकच पोचला होता. मुलीचा नंबर साइटकडे होता, आणि त्याच नंबरावरून १२.५० ला त्यांच्याच हेल्पलाइनला फोन आला होता. बुकिंग करणारी व्यक्ती स्वतः फोन करून विचारते आहे, आणि वीस मिनिटांनी तिला एक शब्द न विचारता बुकिंग बंद होतं, याला संपर्काचा प्रयत्न म्हणता येत नाही. मुलीने कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट जोडला. बाकी भावनिक मजकूर, आईची तब्येत, बाळ, रात्रभर जागरण, हा सगळा मी वगळायला सांगितला. तो खरा होता, पण निर्णय घेणाऱ्याला त्याचं काही करता येत नाही.

कार्डाच्या बँकेकडे वाद नेण्याआधी कंपनीला चौदा दिवसांची मुदत दिली. नवव्या दिवशी उत्तर आलं. पहिल्या बुकिंगचं भाडं परत, त्यातून छत्तीस मिनिटांच्या जादा प्रतीक्षेचा आकार वजा. दुसऱ्या गाडीचे पैसे रात्रीच्या अधिभारासह कायम. मला हा निकाल रास्त वाटला. मुलीला छत्तीस मिनिटांचे पैसेही द्यायचे नव्हते. पण तेवढा वेळ तो माणूस खरोखर उभा होता, आणि त्या छत्तीस मिनिटांचा मोबदला चालकाला मिळाला असेल तर तो त्याच्या हक्काचाच होता.

विमान कंपनीकडेही मागणी केली. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या मॉन्ट्रियल कराराखाली उशिरा मिळालेल्या सामानाची लेखी तक्रार ते हातात आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते, मोडतोड असेल तर ७ दिवसांत. सामानापोटी कंपनीची जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत आहे (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). बॅग तिसऱ्या दिवशी घरी पोचली. मधल्या काळात घ्याव्या लागलेल्या कपड्यांचे आणि औषधांचे पैसे पावत्यांवर मिळाले. दुसऱ्या गाडीच्या भाड्याची मागणी फेटाळली गेली. खिडकीवरची ती पावती न घेता बाहेर पडले असते तर गाडी कदाचित गाठता आली असती, पण बॅगेचा दावा लटपटला असता. अनेक विमान कंपन्या आता ही नोंद नंतर ऑनलाइनही घेतात, तरी जागेवरच नोंदवलेली बरी. दोघांपैकी एकाने पुढे जाऊन चालकाला सांगायला हवं होतं, असं ऐकायला सोपं वाटतं. कस्टमच्या दारातून एकदा बाहेर गेलेल्याला सहसा परत आत घेत नाहीत. भाषा न येणाऱ्या दोन वयस्कर माणसांनी मध्यरात्री असं वेगळं होऊ नये, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

डिकी

सेदानचं राहिलं. दोघांची तिकिटं माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगांची होती, म्हणजे एकूण चार. विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा लांबी, रुंदी आणि जाडी मिळून १५८ सेंटीमीटर असते. ७६, ५० आणि ३२ धरले तर एक बॅग १२२ लिटरच्या आसपास जाते. चार म्हणजे जवळपास ४९०. बऱ्याच सेदानची डिकी पाचशे लिटरच्या आतबाहेर असते, त्यामुळे कागदावर सगळं बसतं. प्रत्यक्षात डिकीला चाकांचे उंचवटे असतात, झाकणाचे दांडे आत येतात, तोंड अरुंद असतं, आणि बॅगा काही पाण्यासारख्या आकार घेत नाहीत. दोन मोठ्या बॅगा आडव्या जातात, तिसरी मागच्या सीटवर येते, चौथीला जागा राहत नाही. दुसरी गाडीही सेदानच होती. तीन बॅगा, दोन हातातल्या पिशव्या आणि दुमडलेली काठी त्यात बसवताना चालकाला पुढची सीट सरकवावी लागली. हरवलेली बॅग आली असती तर ती ठेवायची कुठे, हा प्रश्न त्या रात्री कोणाला पडलाच नाही.

परतीचं बुकिंग

दोन महिन्यांनी आईबाबा परत जायला निघाले. या वेळी मुलीने साइट सोडून, त्या रात्री दुसरी गाडी पाठवणाऱ्या स्थानिक कंपनीला थेट गाठलं. परतीला थांबण्याचा प्रश्न उलटा होतो: इथे मोफत वेळ फक्त पंधरा मिनिटं, कारण प्रवासी स्वतःच्या घरात असतो आणि उशीर केला तर तो त्यानेच केलेला असतो. हिशोब मागून पुढे करावा लागतो. विमान सकाळी ११.२० चं, सामान घेण्याची खिडकी १०.२० ला बंद. व्हीलचेअर असल्यामुळे ८.२० पर्यंत दारात पोचायला हवं. रस्ता एरवी पावणेदोन तासांचा, पण विमानतळाजवळ पोचताना ऑफिसची गर्दी लागणार, म्हणून अडीच तास धरले. निघायचं ५.५० ला. गाडी दारात ५.३५ ला.

तिने कंपनीला पाठवलेला मेसेज असा होता:

"प्रवासी दोन, वय ७१ आणि ६८. एकाला जिना चढता येतो पण लांब चालता येत नाही, म्हणून गाडी टर्मिनलच्या व्हीलचेअर मदतीच्या दारापाशी लावावी. मोठ्या बॅगा चार, प्रत्येकी ७६ सेंटीमीटर उंच, हातातल्या दोन. सेदान नको. संपर्कासाठी पहिला नंबर माझा, तोच चालकाला द्यावा. प्रवाशांचा फोन लागेलच असं नाही. आदल्या संध्याकाळी चालकाचं नाव, गाडीचा नंबर आणि त्याची ड्यूटी किती वाजता सुरू होते ते कळवावं. टोल, पार्किंग आणि पहाटेचा आकार भाड्यात धरला आहे का, तेही लिहून द्या."

शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं की टोल धरला आहे, पार्किंग नाही, पहाटे सहाच्या आधी निघाल्यामुळे अधिभार लागेल. सहा वाजता निघालात तर लागणार नाही, असंही त्यांनी आपण होऊन सांगितलं. दहा मिनिटांसाठी अधिभार वाचवावा का, यावर घरात थोडी चर्चा झाली. बाबा म्हणाले, "दहा मिनिटांनी काय होतंय?" आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ५.५० च कायम राहिलं.

भाडं साइटवरच्यापेक्षा थोडं जास्त होतं, आणि रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची मुदत चोवीस तास आधीपर्यंतच. मुलीने घासाघीस केली नाही. कंट्रोल रूमचा थेट नंबर तेवढा मागून घेतला आणि आदल्या दिवशी दुपारी एकदा लावून पाहिला.